बसऱ्याच्या आबांचं नाव: साताऱ्यातले तीन दिवस

आमच्या घरात पितृपक्षात एक पान नेहमी जास्तीचं वाढलं जायचं. ते कुणाचं, असं लहानपणी विचारलं की उत्तर ठरलेलं होतं: "बसऱ्याच्या आबांचं." माझ्या पणजोबांचे ते थोरले भाऊ. पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याला, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले, तुर्कांच्या कैदेत सापडले आणि परत आले नाहीत. मागे मूलबाळ नव्हतं, फोटो नव्हता. नावसुद्धा नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांची बायको, जिला सगळं घर मोठी आई म्हणायचं, १९६० नंतरही काही वर्षं होती. आबांची रोज आठवण काढणारी ती एकटीच, आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत तिने शेवटपर्यंत पाळली. बाकीच्यांना आबा म्हणायची सवय पडलेली. असं करत दोन पिढ्यांत त्या माणसाचं नाव घरातून पुसलं गेलं.

गेल्या श्रावणात माझ्या चुलतभावाच्या मुलाने ते शोधून काढलं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शिपाई नंबर, ११७ वी मराठा पलटण, वडिलांचं नाव, गाव, जिल्हा सातारा, मृत्यू १९१६ अशी नोंद होती. गावाचं स्पेलिंग इतकं वेडंवाकडं की तीनदा मोठ्याने वाचल्यावर उलगडलं. वडिलांचं नाव मात्र आमच्या वंशावळीतलंच. मी आत्याला फोनवर वाचून दाखवलं. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हाळाला गावी जायचं. मला न्यायचं."

(ते नाव मी इथे लिहिलेलं नाही. आधी गावच्या दगडावर लागू दे, मग कुठेही लिहा, असं आत्याचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं.)

पहिला दिवस, शुक्रवार: सातारा आणि अपशिंगे

ठाण्याहून पहाटे निघालो. मी, आत्या आणि गाडी चालवायला चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा. खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत पाऊस नव्हता. वाई फाट्याच्या पुढे मात्र ढग रस्त्यावर आले आणि साताऱ्यात शिरताना अजिंक्यताऱ्याचा फक्त पायथा दिसत होता. भाद्रपदाच्या शेवटी इकडे येणारे बहुतेक लोक कासची फुलं बघायला येतात, त्यामुळे खोल्या आधी ठरवलेल्या बऱ्या, शनिवार-रविवारच्या तर नक्कीच.

दुपारी जेवण उरकून अपशिंगे मिलिटरीला गेलो. महामार्गाने कराडच्या दिशेने जाऊन आत वळायचं. गावाच्या नावातच मिलिटरी आहे आणि ते उगाच नाही. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ गावात आहे. आमच्या कुटुंबाचा या गावाशी काही संबंध नाही. पण साताऱ्याचा शिपाई आठवायचा तर सुरुवात इथून व्हावी, असं दादाला वाटत होतं.

पारावर छत्री घेऊन बसलेले एक निवृत्त सुभेदार भेटले. आम्ही कशासाठी आलो ते सांगितल्यावर उठून आमच्याबरोबर स्तंभापर्यंत चालत आले. पाय दुखतोय हे चालण्यावरून दिसत होतं, पण आत्याने "राहू द्या" म्हटलेलं त्यांनी ऐकलं नाही. स्तंभासमोर पायांतल्या चपला काढून सावधान उभे राहिले. पाऊस भुरभुरत होता. आम्हीही उभे राहिलो.

घरी नेऊन त्यांनी चहा पाजला. "कुठली पलटण म्हणालासा?"

"एकशेसतरा," आत्याने सांगितलं. हा आकडा तिला मोठ्या आईकडून पाठ होता.

"म्हणजे रॉयल." ते जरा ताठ बसले. ११७ व्या पलटणीला मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या कामगिरीबद्दल १९२१ मध्ये 'रॉयल' किताब मिळाला, हे मी वाचलेलं होतं, पण एका मराठा लाइट इन्फंट्रीवाल्याच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा आला. थोडं थांबून ते म्हणाले, "कैदेत गेलेल्याचं घरात कुणी बोलत न्हाई बघा. लढून गेला म्हंजे छाती फुगवून सांगत्यात. कैदेत गेला म्हटलं की आवाज बारीक हुतो. तसं करू नगा. हत्यार टाकायचा हुकूम वरनं येतो. शिपाई हुकूम पाळतो."

आत्याने त्यांना वाकून नमस्कार केला. ती वयाने मोठी होती, त्यामुळे ते इतके संकोचले की दोघंही एकमेकांना थांबवत राहिले.

इकडे येणार असाल तर एक सांगते. हे पर्यटनस्थळ नाही, नांदतं गाव आहे आणि घराघरात फौजेतली माणसं आहेत. आधी ग्रामपंचायतीत नाहीतर पारावर चौकशी करा, थेट फोटो काढत सुटू नका. कुणी चहा देऊ केला तर थांबा.

त्याच रात्री

खोलीवर आल्यावर आत्या म्हणाली, "आता मला सगळं वाचून दाखव. काय झालं ते. गाळू नको काही." मी छापून आणलेले कागद काढले.

सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. टायग्रिस नदीच्या कडेकडेने बगदादकडे निघालेली ही फौज नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला अडली आणि मागे फिरून कूत-अल-अमारा या गावात आली. नदीच्या वळणातलं ते गाव, तीन बाजूंनी पाणी. डिसेंबरात तुर्कांनी वेढा घातला. तो १४७ दिवस चालला. सोडवायला निघालेल्या फौजा पोहोचल्याच नाहीत. धान्य संपत आलं तेव्हा घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली.

"घोडा खाल्ला त्यानं?" आत्याने मध्येच विचारलं.

हिंदी शिपायांनी बरेच दिवस नकार दिला होता. धर्माची आडकाठी नाही असे निरोप हिंदुस्थानातून मागवले गेले, तरी पुष्कळांनी अगदी शेवटी, एप्रिलमध्ये, तोंड लावलं. तोवर भाजीपाल्याविना स्कर्व्हीने हिरड्या सुजून आल्या होत्या. माणशी पीठ दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्याही खाली उतरलं होतं. विमानांतून पिठाची पोती टाकून बघितली, त्यातली काही नदीत पडली.

आत्या हाताच्या ओंजळीकडे बघत होती. "सव्वाशे ग्रॅम म्हणजे एक भाकरी," ती म्हणाली. "तीही पातळ."

२९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. खुद्द जनरलला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात ठेवलं. शिपायांना त्यांच्या अधिकाऱ्यांपासून वेगळं केलं आणि नदीच्या वरच्या अंगाला शुमरानच्या तळावर नेलं. तिथे खायला दगडासारखी बिस्किटं दिली. महिनोन्महिने उपाशी पोटं, ती बिस्किटं खाऊन माणसं तडफडून मेली. जे राहिले ते मे-जूनच्या उन्हात बगदादपर्यंत चालले. समाऱ्यापर्यंत आगगाडी, पुढे पुन्हा पायी: तिक्रित, मोसूल, नुसैबीन, रास अल-ऐन. ज्यांच्या पायांत बूट होते त्यांनी ते वाटेत भाकरीसाठी विकले. रास अल-ऐनच्या बाजूला बगदाद रेल्वेचं काम चाललं होतं, तिथे हिंदी कैद्यांना रूळ टाकायला लावलं.

"रूळ," आत्या म्हणाली. "बरोबर. शेजारच्या गावचा एक जण लढाई संपल्यावर परत आला होता. त्याने मोठ्या आईला सांगितलेलं, तुझ्या मालकाला रुळाच्या कामावर बघितलाय. म्हणून तर तिने बारा वर्षं कुंकू पुसलं नाही. सरकारी कागद आला होता मेल्याचा. ती म्हणायची, कागदानं बघितलाय का? माणसानं बघितलाय."

ही गोष्ट मला माहीत नव्हती.

नोंदीतली तारीख १९१६ च्या पावसाळ्यातली आहे, म्हणजे त्या माणसाने आबांना पाहिलं असलंच तर शेवटच्या काही आठवड्यांत. मी तसं म्हणाले. "तिकडं पाऊस पडतो का गं त्या दिवसांत?" आत्याने विचारलं. नाही, मी म्हटलं. पावसाळा आपल्याकडचा.

खिडकीबाहेर पाऊस चांगलाच लागला होता. ती उठून बाहेर बघत उभी राहिली.

दुसरा दिवस, शनिवार: घातचतुर्दशी, गावी

कोरेगाव, मग वर्धनगडाचा घाट, मग पुसेगाव. घाटाअलीकडे सगळं हिरवंगार, पलीकडे खटावची उघडी माळरानं सुरू होतात आणि पाऊस एकदम हात आखडता घेतो. तासाभरात हवा बदलते. साताऱ्याहून पुसेगावला एसटी भरपूर आहेत. आतल्या गावांसाठी मात्र पुसेगावहून वडाप किंवा स्वतःची गाडी बघावी लागते. वाटेत कोरेगावला वाघ्या घेवडा मिळाला तर जरूर घ्या. दाण्यावर लाल रेघा असतात म्हणून वाघ्या. परत आल्यावर उसळ केली, गरम मसालाही लागला नाही.

आमच्या भाऊबंदांत आबांच्या तिथीवरून जुना वाद आहे. पंचांगात चतुर्दशीपुढे 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' छापलेलं असतं. गावाकडची शाखा म्हणते, लढाईवर गेलेला माणूस, त्याचा म्हाळ घातचतुर्दशीलाच. आमची शाखा म्हणते, शस्त्राने कुठे गेला? भुकेने गेला, कधी गेला ते ठाऊक नाही, म्हणून सर्वपित्री. शंभर वर्षं दोन्ही घरं आपापल्या दिवशी पान वाढत आली. आता तारीख मिळाली, तिच्यावरून तिथीही काढता येईल, असं दादाने गाडीत सुचवलं. आत्या म्हणाली, "दोन दिवस जेवतोय तो. एकावर कशाला आणतोस?"

वाड्याच्या निम्म्या भिंती आता सिमेंटच्या आहेत, पण चुलत्यांनी माजघर तसंच ठेवलंय. म्हाळाचा स्वयंपाक चुलीवर चालला होता: गवार, कारलं, लाल भोपळा, मेथी, कढी, वडे, तांदळाची खीर. चुलतीने पानं वाढली. आत्या जास्तीच्या पानासमोर बसली आणि तिने पहिल्यांदा पूर्ण नाव घेतलं: आबांचं, त्यांच्या वडिलांचं, आडनाव. चुलते म्हणाले, "परत एकदा म्हण." तिने परत म्हटलं. मग घरातल्या लहान मुलांनी ते पाठ केल्यासारखं एकामागून एक म्हणून दाखवलं. छपरावर ठेवलेल्या पानाला कावळ्यांनी वाट बघायला लावलं नाही.

जेवणानंतर ताटलीची गोष्ट निघाली. युद्धात मेलेल्या शिपायाच्या घरी ब्रिटिश सरकारने काशाची एक गोल पट्टिका पाठवली होती. साधारण बारा सेंटिमीटरची, त्रिशूळ धरलेली ब्रिटानिया, सिंह, आणि उठावदार अक्षरांत मृताचं नाव. हुद्दा नाही, नुसतं नाव. अशा तेरा लाखांहून जास्त पट्टिका बनल्या. आमच्या घरातही ती होती. आत्याला चांगली आठवते: देवघरात समईखाली ठेवलेली पिवळी ताटली, कडेला इंग्रजी अक्षरं. घरातल्या कुणालाच इंग्रजी येत नव्हतं.

म्हणजे नाव घरातच होतं. मोठी आई रोज त्यावर समई ठेवायची. तिला वाचता येत असतं तर, तोंडाने घ्यायचं नसलं तरी डोळ्यांनी घेता आलं असतं.

"बहात्तरला गेली," चुलते म्हणाले. बहात्तरच्या दुष्काळात खटाव-माणमध्ये काय परिस्थिती होती हे इथल्या माणसांना सांगावं लागत नाही. खडी फोडायची, मिलोच्या भाकरी आणि सुकडी खायची. घरातली तांब्या-पितळेची भांडी मोडीत गेली, त्यांत ताटलीही. चुलते हे सांगताना खाली मान घालून बसले होते. आत्या म्हणाली, "पोरांच्या तोंडात घास गेला ना त्याच्यावर? मग त्याला आवडलंच असतं."

संध्याकाळी चावडीजवळच्या भिंतीतला दगड बघायला गेलो. या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा इंग्रजी मजकूर कोरलेले दगड त्या काळी अनेक गावांत बसवले गेले. आमच्या दगडावर दर यात्रेला भिंतीबरोबर ऑइलपेंट लागत आलाय. अक्षरं बुजली आहेत, आकडे तर बोटानेसुद्धा लागत नाहीत. तरुण पोरं लगेच पत्रा घेऊन खरवडायला निघाली, त्यांना थांबवलं. तुमच्या गावात असा दगड असेल तर कृपा करून ॲसिड, तारेचा ब्रश, ग्राइंडर काही लावू नका. साधं पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश, एवढंच. रंग निघाला नाही तर जाणकाराला बोलवा, आणि पुन्हा रंग देऊ नका. त्या दगडावर नावं नव्हतीच, फक्त संख्या.

बसऱ्याच्या स्मारकावरही तेच आहे. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगं नसलेल्या चाळीस हजारांहून जास्त सैनिकांचं ते स्मारक. इंग्रज शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली नुसती संख्या लिहिली. नावं वहीत राहिली. १९९७ मध्ये ते स्मारक हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं. २०२१ मध्ये वॉर ग्रेव्हज कमिशनने या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. माफी मागितली हे चांगलंच झालं. पण ज्या घरांनी नाव विचारलं असतं ती घरं तोवर नाव विसरून गेली होती, याचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

आम्ही दगडापाशी उभे असताना वरच्या आळीतली एक म्हातारी काठी टेकत आली. नव्वदीच्या पुढची असेल. काय चाललंय विचारलं. आत्याने आबांचं नाव सांगितलं. म्हातारी म्हणाली, "त्यो व्हय. त्याची ववी हाय की."

आम्हाला कळेना. ती तिथेच ओट्यावर बसली. आबांना एक बहीण होती, त्याच गावात दिलेली. ती दळताना भावावर ओवी म्हणायची. तिच्याबरोबर जात्यावर बसणाऱ्या बायकांनी ती उचलली, या म्हातारीने आपल्या सासूकडून घेतली. बहिणीला भावाचं नाव घ्यायला कुठली आडकाठी? तिने ओवीतच घातलं होतं. म्हातारीने आवाज लावला, थरथरता, पण सुरात:

बसऱ्याच्या गं वाटंला न्हाई झाड, न्हाई पानी,
बंधवाची माझ्या शिदोरी सोडील तितं कोनी?

दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला, मी 'बंधवाची' लिहिलंय तिथे, नाव होतं. नोंदीत होतं तेच, फक्त घरगुती, लाडाने तोडलेलं. संकेतस्थळावर शोधायच्या कितीतरी आधीपासून ते आमच्या घरापासून दोनशे पावलांवर गायलं जात होतं, आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं. दादाने ओवी फोनवर रेकॉर्ड केली. म्हातारीने ती तीनदा म्हटली, दर वेळी पहिल्यापासून.

ज्यांना आपला माणूस शोधायचाय त्यांच्यासाठी: पलटणीच्या नावात 'मराठा'चं जुनं स्पेलिंग वापरा: 'Mahratta'. आडनावावर अडून बसू नका, बऱ्याच नोंदी पहिल्या नावावर आणि वडिलांच्या नावावर आहेत. गावाचं नाव इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलंय असं धरून पाचसहा प्रकारे टाकून बघा. सांगलीकरांनीही 'सातारा' जिल्हाच शोधायचा. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये, त्याचं सांगली झालं १९६० मध्ये, त्यामुळे तासगाव-वाळव्याची माणसं त्या काळच्या कागदांत साताऱ्याचीच आहेत. आणि हे सगळं करण्याआधी गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईकडे जा.

तिसरा दिवस, रविवार: सर्वपित्री, संगम माहुली

बारा वर्षं वाट पाहिल्यावर मोठ्या आईने आबांचा विधी करू दिला, तो माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. देह नसलेल्या माणसाचा करतात तसा, पळसाच्या तीनशे साठ देठांचा माणूस मांडून. तिने तिथेच कुंकू पुसलं. तेव्हा तिचं वय तिशीच्या आसपास असेल. म्हणून शेवटचा दिवस माहुलीचा.

साताऱ्याच्या पूर्वेला पाचेक किलोमीटर. सर्वपित्रीला सकाळी आठनंतर घाटावर पाय ठेवायला जागा नसते, आम्ही सहालाच पोहोचलो. पंतप्रतिनिधींनी बांधलेलं विश्वेश्वराचं काळं देऊळ पावसाने आणखी काळं झालं होतं. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांची समाधी इथेच आहे. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं, वयस्कर माणूस बरोबर असेल तर दोन्ही बाजूंनी धरायला माणसं हवीत. कृष्णेला गढूळ पाणी, बऱ्यापैकी वर आलेलं.

गुरुजींनी नाव-गोत्र विचारलं. या जागेवर आमच्या घरची माणसं आजवर "अज्ञातनाम" म्हणत आली होती. आत्याने नाव सांगितलं, सावकाश, गुरुजींना लिहून घेता येईल इतकं. मग स्वतःहून पुढे मोठ्या आईचं नाव सांगितलं, आणि ओवीवाल्या बहिणीचं.

विधी झाल्यावर मला वाटलं आता निघायचं. आत्याने पिशवीतून एक फडकं काढलं, चार टोकांची गाठ मारलेलं. पहाटे गावाहून निघताना चुलतीकडून मागून घेतलं असावं. पाण्याच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर ती बसली. ओल्या बोटांना गाठ सुटेना, दादा वाकला, तिने त्याचा हात बाजूला केला. दातांनी ओढून सोडवली. आत ज्वारीच्या दोन भाकरी होत्या, लसणाची चटणी, एक कांदा. एक भाकरी तिने तुकडे करून प्रवाहात सोडली. दुसरीचे तीन भाग केले, चटणी लावली आणि आमच्या हातांवर ठेवले. आम्ही तिथेच पावसात उभ्याने खाल्ले.